डी, आर, यू, जी

१९१० साली मध्य प्रांत सरकारच्या जिल्हा गॅझेटिअरच्या मालिकेत एक खंड निघाला. संपादक ए. ई. नेल्सन. मुखपृष्ठावर जिल्ह्याचं नाव चार इंग्रजी अक्षरांत आहे : डी, आर, यू, जी. आजच्या शाळकरी पोराला ही अक्षरं दाखवली तर तो क्षणात 'ड्रग' म्हणेल आणि न विचारता अर्थही सांगेल, औषध नाहीतर नशेचा पदार्थ. पुस्तकाचा त्या पदार्थांशी संबंध नाही. ते दुर्ग जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. याच जिल्ह्यात पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्याच्या सेक्टरांमध्ये मी लहानाचा मोठा झालो.

दुर्ग आणि भिलाई ही आता एकमेकांत मिसळलेली शहरं. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते फक्त दुकानांच्या पाट्यांवरून कळतं. पाट्यांवर आज डी, यू, आर, जी असं लिहिलेलं असतं. म्हणजे चार अक्षरं तीच, फक्त मधल्या दोघांनी जागा बदलल्या. या अदलाबदलीमागे दीडशे-दोनशे वर्षांची हकीकत आहे, आणि ती सांगण्याआधी आम्ही इंग्रजी कसं शिकलो ते सांगायला हवं.

आम्ही इंग्रजी शिकलो ते याद्यांनी. घरी आजी 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असं म्हणवून घ्यायची. शाळेत तेच 'कैट माने बिल्ली' व्हायचं. पुढच्या इयत्तांमध्ये याद्या अक्षरांच्या जोड्यांवरून लागायच्या. के आणि एन एकत्र आले की के गप्प : नाइफ, नी, नॉक, नो. डब्ल्यू आणि आर आले की डब्ल्यू गप्प : राइट, राँग, रिस्ट. आणि ओ-यू-जी-एच या चौकडीची यादी तर सगळ्यांत छळणारी. दो, थ्रू, रफ, कॉफ, बाव. अक्षरं तीच, उच्चार दर वेळी निराळा. समोर अर्थ लिहायचा, वही दाखवायची, चुकलेला शब्द दहा वेळा उतरवायचा. अमुक अक्षर का गप्प बसतं, हे कुणी सांगितलं नाही. विचारायचंही नसतं, अशी आमची समजूत होती.

खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. 'नी' म्हणजे गुडघा, यातला के इंग्रज लोक एके काळी चक्क उच्चारायचे. तोंडातून तो गेला, कागदावर राहिला. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'डाउट' म्हणजे शंका, यांतला बी कधीच बोलला जात नव्हता. हे शब्द फ्रेंचमधून बी न घेताच आले होते. मागाहून विद्वानांना त्यांचं लॅटिन मूळ आठवलं आणि त्यांनी बी चिकटवून दिला. 'कुड'मधला एल तर निव्वळ संगतीने आला आहे. 'वुड' आणि 'शुड' यांत तो हक्काचा होता, म्हणून यालाही लावला. म्हणजे मुळातली एक चूक होती, ती मुरली, तिचा नियम झाला, आणि ती चूक न चुकता लिहिणारा मुलगा भिलाईत पास होत होता.

या बाबतीत आमची संगत मोठी आहे. गांधीजींनी आत्मकथेत राजकोटच्या शाळेतला प्रसंग सांगितला आहे. जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी स्पेलिंगसाठी पाच शब्द दिले. त्यांतला एक 'केटल'. मोहनदासचं स्पेलिंग चुकलं. मास्तर बुटाच्या टोकाने खुणावत होते की शेजाऱ्याच्या पाटीवर बघ; ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. बाकी सगळ्या मुलांचे पाचही शब्द बरोबर निघाले. हा प्रसंग आपण सचोटीचा म्हणून वाचतो. मला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते : एका किटलीतले दोन टी मोजायला सरकार माणूस पाठवत होतं.

देवनागरीत वाढलेल्या मुलाला हे जड जातं, कारण त्याच्याकडे अक्षर म्हणजेच उच्चार. आणखी एक फरक मला फार उशिरा जाणवला, तो शब्दकोश चाळताना. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ची. तो वर्णमालेच्या क्रमाने लावलेला आहे. त्या क्रमात 'दुर्ग' शोधायला गेलं की आजूबाजूला दुर्गंध, दुर्गती, दुर्गम, दुर्गुण, दुर्घट, दुर्जन, दुर्दैव अशी सगळी मंडळी भेटतात. ही नुसती शेजारी नाहीत, नात्यातली आहेत. सगळ्यांच्या डोक्यावर एकच 'दुर्' आहे. दुर्ग म्हणजे जिथे जाणं कठीण ते. अक्षरं सारखी म्हणून अर्थही एका गोत्राचे. इंग्रजी कोशात डी-आर-यू या तीन अक्षरांखाली ड्रज म्हणजे राबणारा, ड्रुइड म्हणजे जुना केल्टिक पुरोहित, ड्रम म्हणजे ढोल, ड्रंक म्हणजे झिंगलेला, आणि त्यांच्यात ड्रग. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे, भिंत एक, पण कुणाचं कुणाशी नातं नाही. ड्रगची नातेवाईक मंडळी जरा पुढे राहतात असं म्हणतात : तो शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे बहुधा डच भाषेतला 'सुका' या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे वाळवलेल्या औषधी. तसं असेल तर तो इंग्रजी 'ड्राय'चा दूरचा भाऊ.

आता हा किल्ल्यांचा दुर्ग औषधांच्या बिऱ्हाडात शिरला कसा, ते पाहू.

इंग्रजांनी आपले किल्ले आधी कानांनी लिहून घेतले. १७५५च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात जरा घाईनेच उलटतो. इंग्रजी कागदांत या किल्ल्याचं नाव झालं 'सेव्हर्नड्रूग'. सुवर्णाचं सेव्हर्न झालं, कारण सेव्हर्न नावाची नदी त्यांच्या ओळखीची होती; दुर्गाचं 'ड्रूग' झालं, दोन ओ घालून. जेम्स १७८३ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कासल आहे. हर्णैच्या समुद्रातला आपला किल्ला तिथे लंडनच्या झाडीत नाव बदलून राहतो आहे.

पुढे म्हैसूरच्या लढायांत हे दोन ओंचं ड्रूग फार फोफावलं. कॉर्नवॉलिसच्या फौजेने १७९१च्या डिसेंबरात घेतलेला सावनदुर्ग झाला 'सावनड्रूग', चित्रदुर्ग झाला 'चितलड्रूग', नंदीदुर्ग झाला 'नंदीड्रूग'. त्या शेवटच्या नावाची सोन्याची खाण कोलारला होती. शिपायांना हा शब्द इतका अंगवळणी पडला की इंग्रजीत 'ड्रूग' म्हणजे डोंगरी किल्ला असा सामान्य शब्दच तयार झाला. अँग्लो-इंडियन शब्दांच्या 'हॉबसन-जॉबसन' कोशात त्याची वेगळी नोंद आहे.

मग नीटनेटकेपणाचा काळ आला. १८७०च्या दशकात विल्यम विल्सन हंटरने भारतीय नावं रोमन लिपीत लिहायची पद्धत घालून दिली आणि सरकारने ती उचलली. कलकत्ता, लखनौ अशी रुळलेली नावं तशीच ठेवली, बाकीच्यांना नियम लागला. अ साठी ए, उ साठी यू. दोन ओंची हौस बंद. या नियमाने चितलड्रूगमधले दोन ओ गेले, यू आला आणि शेवट झाला डी-आर-यू-जी. माझा अंदाज असा की आमच्या गावाच्या नावाचीही हीच गत झाली. स्वर शास्त्रशुद्ध झाला, पण र जुन्या खुर्चीतून उठला नाही.

हा र आधी का बसला, याचंही एक कारण मला दिसतं. दुर्ग लिहिताना आपण र चा रफार करून ग च्या डोक्यावर ठेवतो. उच्चारात ग च्या आधी आणि लिहिताना ग च्या वर. परक्या डोळ्याला त्याची नेमकी जागा सापडणं कठीणच. शिवाय छत्तीसगढी बोली जोडाक्षर फोडून बोलते. धर्माचं धरम, कर्माचं करम, तसं दुर्गाचं दुरुग. 'दुरुग' पटकन म्हणून पाहा. पहिला उ गिळला जातो आणि उरतं ते द्रुग. गोऱ्या अधिकाऱ्याने जे ऐकलं ते कदाचित फारसं चुकीचं नव्हतं. हंटरच्या नियमाने वाचलं तर डी-आर-यू-जीचा उच्चार द्रुग असाच होतो. घोटाळा लिहिण्यात नव्हता, वाचण्यात होता. यू दिसला की इंग्रजी शिकलेला माणूस तो कप आणि बसमधल्यासारखा वाचतो, आणि किल्ल्याचं औषध होतं.

मुळात दुर्गचा किल्लाही डोंगरी नव्हे. सपाट धानाच्या मुलखातली ती जुनी मातीची गढी; आता तिचे अवशेषच. मराठी माणसाला त्या गढीशी एक नातं सांगता येतं, जरी ते फार मिरवण्यासारखं नसलं तरी. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगढात उतरले तेव्हा मराठ्यांनी दुर्ग हाच तळ केला आणि तिथून रतनपूरचं जुनं हैहय राज्य संपवलं. पुढे १७५८ ते १७८७ रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरात बसून या प्रदेशाचा कारभार बघत होते. १८५४ला डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, त्याबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडे गेला. १९०६ साली रायपूर आणि बिलासपूर जिल्ह्यांतून तुकडे काढून दुर्ग जिल्हा झाला, आणि चार वर्षांनी नेल्सनचं गॅझेटिअर. १९५६पर्यंत राजधानी नागपूर. म्हणून आमच्याकडे जुने मराठी कुटुंबीय आहेत, गणपती आहे, आणि 'काऊन' म्हणणारे लोक आहेत.

जिल्ह्याचं नाव लोखंडाच्या संदर्भात गाजलं ते कारखान्याच्या बरंच आधी. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी दल्ली-राजहराच्या टेकड्यांतलं लोखंड नोंदवून ठेवलं होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात कुणाची तरी वाट पाहत होते. वेळ जावा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या रंगीत भूगर्भ-नकाशावर त्यांना या जिल्ह्यातलं लोखंड दिसलं, अशी हकीकत सांगतात. ते अमेरिकन तज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांना घेऊन राजहराला जाऊनही आले. खनिज उत्तम होतं. पण जोडीला हवा तसा कोळसा जवळ नव्हता, आणि तेवढ्यात बोसांनीच मयूरभंजच्या लोखंडाची खबर दिली. कारखाना साक्चीला गेला. त्याचं जमशेदपूर झालं. राजहराचं लोखंड आणखी पन्नास वर्षं जमिनीत पडून राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारे अगरिया लोक या भागात होते. त्यांच्या कंबरभर उंचीच्या मातीच्या भट्ट्या असत. त्यांना नकाशाची गरज पडली नव्हती.

२ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला, वर्षाला दहा लाख टन पोलादाचा. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधल्या चार वर्षांत सोव्हिएत इंजिनिअर, त्यांचे दुभाषे आणि त्यांचे नकाशे या धानाच्या शेतांत येऊन पोचले. सरकारी कागदांवर त्या वेळी या जिल्ह्याचं नाव डी-आर-यू-जी असंच होतं.

आणि रशियन भाषेत 'द्रूग' म्हणजे मित्र.

हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. भिलाईत सोव्हिएत पुस्तकं स्वस्तात मिळायची, जाड कागद, घट्ट बांधणी. असंच एक रशियन शिकवणारं पुस्तक घेतलं होतं, त्यात पहिल्या काही धड्यांतच हा शब्द भेटला. रशियन लिपीत तो वेगळा दिसतो, त्यातला र इंग्रजी पी सारखा आणि ऊ इंग्रजी वाय सारखा. बोलताना शेवटचा ग तोंडातून बाहेर येता येता क होतो. पण ती चार रोमन अक्षरं रशियन माणसासमोर ठेवली तर तो द्रूगच वाचणार. त्याच मुळातून 'द्रुगोय' हा शब्द, त्याचा अर्थ दुसरा, इतर. मित्र आणि परका एकाच मुळातून निघावेत, हे मला त्या भाषेचं शहाणपण वाटतं. 'हिंदी-रूसी भाई-भाई'च्या त्या दिवसांत, मित्रराष्ट्राच्या मदतीने कारखाना उभा राहत होता तो जिल्हा कागदोपत्री मित्र याच नावाचा होता. हा केवळ योगायोग आहे. भिलाईत मैत्री बाग नावाचं प्राणिसंग्रहालय त्याच मैत्रीच्या नावाने आहे.

झोतभट्टीला रशियनमध्ये 'दोम्ना' म्हणतात. तिच्या मुळाशी फुंकणे या अर्थाचा जुना स्लाव धातू आहे, आणि व्युत्पत्तीचे जाणकार त्याचं नातं संस्कृत 'ध्मा'शी, म्हणजे धमति, धमनी यांच्याशी लावतात. इंग्रजी 'ब्लास्ट' हाही 'ब्लो'च्या घरातला. आपला झोत तर वाऱ्याचाच. तीन लोकांनी तीन लिप्यांत भट्टीला नाव दिलं आणि तिघांनीही एकच पाहिलं : फुंकर.

माझे वडील वर्ध्याकडचे मॅट्रिक, साठीच्या दशकात पोलाद वितळवण्याच्या शॉपमध्ये लागले. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, इंग्रजी शब्द आणि पुढे मराठी अर्थ. शाळेतली यादी तिथेही सुटली नव्हती, पण अर्थ बदलले होते. ब्लूम : फूल नव्हे, पोलादाचा चौकोनी ठोकळा. पिग : डुक्कर नव्हे, कच्चं लोखंड. हीट : उष्णता नव्हे, भट्टीतून एका वेळी निघालेला माल. एका पानावर ई-ए-आर ही तीन अक्षरं असलेले शब्द होते : इअर, हिअर, हार्ट, अर्थ, हार्थ. कान, ऐकणे, काळीज, पृथ्वी आणि चूल. ज्या भट्टीवर ते काम करत तिचं नाव ओपन हार्थ, उघडी चूल. या पाच शब्दांत ई-ए-आरचे तीन उच्चार होतात आणि वडिलांनी प्रत्येकापुढे देवनागरीत तो लिहून ठेवला होता. 'अर्थ'पुढे त्यांना पेच पडला असावा. तिथे लिहिलं आहे, 'अर्थ : अर्थ पृथ्वी.' लहानपणी आम्ही भावंडं यावर पोट धरून हसायचो. त्या वहीतला एकही अर्थ त्यांनी परीक्षेसाठी लिहिला नव्हता. धगीपुढे उभं असताना कुणी ओरडून काय सांगतोय ते कळलं नाही तर माणूस भाजतो.

आता त्या चार अक्षरांच्या अदलाबदलीची किंमत. माझी आई १९४७च्या आधी दुर्गात जन्मली. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान इंग्रजीत डी-आर-यू-जी, पुढे सी. पी. अँड बेरार. पुढे सरकारी लिखाणात र आणि यू यांनी जागा बदलल्या आणि नवीन कागदांवर डी-यू-आर-जी आलं. वडील गेल्यावर पेन्शनच्या कामासाठी तिचे कागद एका कार्यालयात द्यायचे होते. टेबलावरच्या मुलाने दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "माताजी, इसमें स्पेलिंग गलत है. ये तो ड्रग लिखा है. एफिडेविट लगेगा." मी त्याला गॅझेटिअर सांगितलं, हंटर सांगितला. तो नम्रपणे ऐकत होता. त्याच्या स्क्रीनवर दोन चौकोनांत अक्षरं जुळली पाहिजेत एवढंच त्याचं काम होतं, आणि ती जुळत नव्हती. आई बाहेर येऊन बाकावर बसली. म्हणाली, "काऊन रे, मी का गांजा-अफूच्या गावात जन्मली का?"

प्रतिज्ञापत्र केलं. त्यात आईने शपथेवर लिहून दिलं की या दोन स्पेलिंगांचं गाव एकच आहे. चार फेऱ्या झाल्या आणि अडीच महिने पेन्शन थांबली. मोहनदासला केटल चुकल्याबद्दल निदान दंड तरी झाला नव्हता.

आणि नवं स्पेलिंग तरी बरोबर वाचलं जातं का? भिलाईत आयआयटीच्या क्लाससाठी देशभरातून मुलं येतात. त्यांतली दूरची पोरं पाटी वाचून 'डर्ग' म्हणतात. हंटरच्या नियमाप्रमाणे अक्षरं आता अगदी शुद्ध आहेत, आणि गाव अजून इंग्रजीतच वाचलं जातं आहे.

पॉवर हाऊस स्टेशनच्या बाहेर शेअर ऑटोवाले दिवसभर हाका मारत असतात. त्यांना पाटी वाचावी लागत नाही. "दुरुग, दुरुग, दुरुग," एका श्वासात. तिसऱ्या वेळेला पहिला उ पार गिळलेला असतो.